हेडविगच्या पावलाचा लाकडी जुळा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या उजव्या पावलाची हुबेहूब लाकडी प्रत कुणीतरी फळीवर जपून ठेवली आहे. तोच अंगठा, तीच टाच, तळव्याचा तोच खळगा. तुम्ही कुठे चालत आहात, याचा विचार करत ती तिथे बसून असते.

तशीच एक प्रत म्हणजे मी. मी एक जुना फर्मा आहे. ज्यावर कातडे ताणून बूट बेततात तो लाकडी साचा. व्हिएन्नातल्या वोंद्राचेक मास्तरांनी मला बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून कोरले, ते हेडविगसाठी. तिची वाढ पूर्ण झाली तेव्हा वडील तिला दुकानात घेऊन आले. मास्तरांनी तिला अनवाणी कागदावर उभे केले, पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्या रेषेवरून मला घडवले. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा फर्मा जन्मभर दुकानातच राहतो. माझ्या अंगावर तिचे नाव आहे.

माझ्यावर बेतलेले तपकिरी बूट घालून ती रविवारी वडिलांबरोबर द्राक्षमळ्यांच्या टेकड्या चढायची. बूट दुरुस्तीला आले, की तळाची माती पाहून मी सुखावत असे.

मग तिला अत्तरांच्या दुकानात नोकरी लागली. मालकिणीला दुकानात विक्री करणाऱ्या मुली उंच टाचांवर हव्या होत्या. हेडविगने तयार बूट घेतले, हिरवे, टोकदार, चिमणीच्या पायासारख्या बारीक टाचांचे. ते घालून ती टाचांखाली नवे तुकडे बसवायला आली, तेव्हा शेजारची पाववाली बाईसुद्धा हातातले काम टाकून बघायला आली. मित्रांनो, मी फळीवर जळत राहिलो. काय होते त्या बुटांत? अंगठ्याला जागा नाही, टाचेला जमीन नाही. तरी पाऊल माझे, आणि मिरवणार ते बूट! धूळ खात मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट मागितली, की त्यांची टाच मोडावी.

टाच मोडली नाही. पाऊल मोडले.

हेडविग परत आली ती लंगडत, पंधरा वर्षांच्या मुलीचा हात धरून. मुलीचे नाव रेसी. तिच्या पिशवीत तेच हिरवे बूट होते. नाचाच्या वर्गाचा पहिला समारंभ जवळ आला होता आणि तिला आईचे बूट घालायचे होते. आई नको म्हणून सांगून थकली होती.

“सगळ्या मुली उंच टाचा घालणार,” रेसी मास्तरांना म्हणाली. “मी एकटीच बुटकी दिसणार. आणि आईच्या त्या तपकिरी बुटांत नाचायला मी काय शेळ्या हाकायला चाललेय?”

“शेळ्या तुझ्यापेक्षा बऱ्या नाचतात, पोरी,” मास्तर म्हणाले आणि हेडविगला मोजे काढायला सांगितले.

कागदावरची नवी रेषा माझ्याशी जुळेना. तिचा अंगठा शेजारच्या बोटांवर कलला होता, त्याच्या मुळाशी हाड सुपारीएवढे वर आले होते. हेडविग म्हणाली, सपाट बुटांत तर जास्तच दुखते. मास्तर म्हणाले, “दुखणारच, बाईसाहेब. इतकी वर्षं टाच उचललेली, टाचेमागची शीर आखडून बसलीय. एकदम नको. दर जोडीला उंची थोडी कमी करत जाऊ.” मग नव्या बुटात त्या हाडाला जागा मिळावी म्हणून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी चिकटवायला ते कातड्याचा तुकडा कापू लागले. पाऊल मला परत मिळणार होते, पण ते आता वेगळे होते. त्या क्षणी मला माझ्याच जुन्या, कोऱ्या रूपाचा हेवा वाटला.

रेसीने मला सहज हातात घेतले आणि हिरव्या बुटात घातले. ज्यांच्यावर आयुष्यभर जळलो, त्यांच्या आत मी पहिल्यांदाच शिरत होतो. मी अर्ध्यात अडकलो. तिने जोर लावला. माझा अंगठा पुढे जाईना.

“आई, हे तुझंच पाऊल ना? मग आत का जात नाहीये?”

“माझंही जात नव्हतं गं,” हेडविग म्हणाली. “तरी मी घालत होते.”

मित्रांनो, मी लाकडाचा, म्हणून अडलो. तुमचे पाऊल मात्र गुणी असते. ते निमूटपणे वाकते, आणि वाढत्या वयात तर फारच लवकर. म्हणून बूट पावलाला विचारून घ्या. कधीतरी एका संध्याकाळी मिरवलात तर मी रुसणार नाही, पण रोजचा दिवस त्याला मोकळा द्या.

रेसीने मला बुटातून ओढून काढले. बाहीने माझी धूळ पुसली आणि मला मास्तरांसमोर ठेवले. हिरवे बूट तिने फळीवर, माझ्या रिकाम्या जागी, पार मागे सारले. मग खाली बसून मोजे काढले आणि कागदाची कोरी बाजू वर करून, पाचही बोटे पसरून, ती त्यावर उभी राहिली.