शेवटपर्यंत

मी रॉड बोलतोय. एका बाईच्या उजव्या मांडीच्या हाडात, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन्ही टोकांना स्क्रूंनी जखडलेला. जन्म कारखान्यातला, अंग टायटॅनियमचं, त्यामुळे स्वभावात थोडी मिजास आहे.

ही बाई कपडे बेतते. नवरा शिवणयंत्रावर, ही दिवसभर कात्री घेऊन टेबलाशी उभी. स्तनाचा कॅन्सर तिनं अंगावर काढला नव्हता, उपचार वेळेवर घेतले होते. तरी तो हाडात उतरलाच. मांडी ठणकायला लागली म्हणून फोटो काढला, तर हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं. ते मोडायच्या आत मला आत घातलं.

सर्जनबाई मोजकं बोलणाऱ्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "ऑपरेशन छान झालंय. रॉड आता शेवटपर्यंत साथ देईल."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. संकट टळलं, असं तो फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला. बायकोला हे कळलं तेव्हा तिनं त्या शब्दात दुसरंच ऐकलं. तिची मांडी ताठ झालेली मला आतून जाणवली. मला तोंड असतं तर म्हणालो असतो, बाबा रे, मी फक्त हाड सांभाळतो. आजार माझ्या बापालाही आवरायचा नाही.

मांडीला रेडिएशनचे शेक दिले. हळूहळू वॉकर सुटला, ती पुन्हा टेबलाशी उभी राहिली. नवरा खुशीत. पुढच्या वर्षीच्या गणवेशांचं काम घ्यायचं त्यानं ठरवलंच होतं, शाळेला होकार कळवणं तेवढं बाकी होतं.

"अहो, नका घेऊ," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणजे माझ्या शेवटापर्यंत. मी डॉक्टरबाईंना नंतर विचारून घेतलंय. वर्ष निघालं तरी पुष्कळ."

यंत्र थांबलं. मग तो चिडला. "मग एवढी चिरफाड कशाला करून घेतलीस?"

"संडासापर्यंत माझ्या पायांनी जाता यावं म्हणून."

तो उगाच टेबलावरच्या चिंध्या गोळा करत बसला.

हल्ली दुखणं तिच्या खांद्यातही शिरलंय. मांडीचं हाड काही भरून येत नाही, सगळा भार माझ्यावर. धातूही थकतो, वाकून वाकून एक दिवस तडकतो. मिजास कधीच उतरली, आता नुसती भीती वाटते. माझं एवढंच मागणं आहे, तिच्याआधी मी मोडू नये.