हर्बचा कोरा रंधा

आमच्या हुऑन खोऱ्यातल्या जुन्या सुतारी हत्यारांच्या मंडळात सव्वीस सभासद आहेत. त्यातले चार जण लाकडाला हात लावतात, बाकीचे हत्यारांना तेल लावतात. हर्ब पिअरमन या दुसऱ्या जातीचा, आणि डेस व्हेली त्याच्याही पुढचा.

हर्बच्या परसातल्या शेडमध्ये एकशे बारा रंधे होते. पण सगळ्यांचा डोळा एकावरच. वीतभर लांब, पितळी अंगाचा, नव्वद वर्षांपूर्वीचा आणि एकदाही न वापरलेला. त्या काळी पात्याला शेवटची धार गिऱ्हाइकानेच लावायची असे. याच्या गिऱ्हाइकाने ती लावलीच नाही. आमच्यात अशा हत्याराला कोरं म्हणतात. दगडावर पातं दोनदा फिरवलं की कोरेपण संपलं. या रंध्यासाठी डेस एकोणीस वर्षं हर्बकडे बेचव चहा पीत आला होता.

हर्ब जूनमध्ये गेला. ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, त्याच्या बायकोने, ऑड्रीने, डेसला बोलावलं. तिच्यासमोर एकट्याने जायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो मला घेऊन गेला.

ऑड्रीने आम्हाला शेडकडे नेलंच नाही. स्वयंपाकघरात उभं केलं. रंधा ओट्यावर, ब्रेडच्या शेजारी पडला होता. चमच्यांचा ड्रॉवर हिवाळ्यात फुगतो आणि चार बोटंच उघडतो. बत्तीस हिवाळे मी दोन बोटं आत घालून चमचे उपसते आहे, असं तिने सांगितलं. हर्ब दर वेळी म्हणायचा, बघतो.

"हा ड्रॉवर या रंध्याने नीट कर आणि रंधा घेऊन जा," ती म्हणाली.

डेस हसला. ती हसली नाही. गाडीत माझा चांगला चालता रंधा आहे, असं त्याने सुचवलं. मग हवी ती किंमत देऊ केली. मग मेणबत्ती मागितली. कडांना मेण चोळलं की ड्रॉवर सुरसुर चालतो म्हणाला. ते खरंही होतं.

"मेण मलाही चोळता येतं, डेस. मला या रंध्यातून लाकडाचे छिलके निघताना बघायचेत."

"अगं ऑड्री, हा वापरायचा नसतो."

"माझा नवराही वापरायचा नव्हता. शेडमध्ये ठेवायचा होता."

डेसने मान खाली घातली, पण रंध्याला हात लावला नाही. तेव्हा तिने सांगितलं की हे जमणार नसेल तर उद्या सकाळी रंधा चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात जाईल, आणि कुणीतरी त्याच्या पात्याने रंगाचे डबे उघडेल.

हे मात्र वर्मी लागलं. डेसने हर्बचा धारेचा दगड मागितला. पातं सोडवताना त्याचा चेहरा दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखा झाला होता. दगडावर पातं फिरलं, कारखान्याच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या, आणि ऑड्री कपाटाला टेकून ते शेवटपर्यंत बघत राहिली. ड्रॉवर हलवून हलवून बाहेर काढण्यात पंधरा मिनिटं गेली. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखे छिलके निघाले. कौतुक कुणीच केलं नाही.

ड्रॉवर बसला. ऑड्रीने तो तीनदा आतबाहेर केला आणि झोपायच्या खोलीतले तीन ड्रॉवरही असेच आहेत म्हणाली. डेसने ठरलेल्या एकाची आठवण करून दिली.

"आता त्या रंध्यात वाचवण्यासारखं काय राहिलंय?" तिने विचारलं.

डेसने रंधा पुन्हा उचलला. ते तीन ड्रॉवर झाले, न्हाणीघराचं दार झालं, शेवटी स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीवर पांढऱ्या रंगाचे सात-आठ थर होते. त्यातला बराच रंग रंध्याच्या तळाला आणि तोंडाला चिकटला.

तीन वाजता ऑड्रीने रंधा ब्रेडच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. आभार नाहीत, चहा नाही.

फाटकाशी पोचल्यावर डेस मला म्हणाला, "हर्ब जन्मभर शेडमध्ये का बसला ते आज कळलं."

स्वयंपाकघराची खिडकी आता उघडत होती.

"ऐकलं मी," आतून आवाज आला. "पुढच्या हिवाळ्यात मागचं दार फुगेल. येताना तो घेऊन ये."

गाडीत बसल्यावर डेसने पिशवीतून रंधा काढला आणि नखाने तळाचा पांढरा रंग खरवडायला लागला.