बंकट मेकॅनिकचं नाक

गॅसच्या मेकॅनिकचं नाकच गेलं तर त्याने काय करावं? बंकटने बायकोला सोबत न्यायला सुरुवात केली.

करोनात त्याचा वास गेला तो गेलाच. ताप उतरला, खोकला थांबला, तोंडाला चव आली, पण नाक काही जागं झालं नाही. फोडणी करपली काय आणि मोगरा फुलला काय, त्याला सारखंच. दुसऱ्या कुणाचं यात फारसं अडलं नसतं. बंकट मात्र खरेदी-विक्री संघाच्या गॅस एजन्सीत एकवीस वर्षं मेकॅनिक होता. दिंद्रुडच्या आसपास कुणाची नळी गळाली, कुणाच्या शेगडीशी वास यायला लागला की संघातून त्यालाच धाडत. संघाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पान्ह्यांची पिशवी काढून घेतली असती. म्हणून त्याने हे फक्त रतनबाईला सांगितलं. तिने ते तीन वर्षं स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

मग दोघांनी मिळून एक सोय लावली. बंकट तिला मोपेडवर मागे बसवून न्यायचा आणि "हिला पुढं बहिणीकडं सोडायचंय" म्हणून सांगायचा. तो दुरुस्ती करायचा, ती दाराशी बसायची. वास असला की पदर नाकाला लावायची. वास गेला की पदर सोडून घरच्या बाईशी गप्पा सुरू करायची. गप्पा ऐकू आल्या की बंकट म्हणायचा, "ओके हाय."

"सासऱ्यानं पोरी तरी किती गावात दिल्यात बे तुझ्या?" लोक चेष्टा करायचे. बंकट हसायचा. पण कुणाच्याही उंबऱ्यावर पाऊल ठेवताना त्याला धास्ती वाटायची, आणि जोडाला लावलेल्या साबणाच्या फेसाला बुडबुडा येत नाही, म्हणजे गळती नाही, हे तीन-तीनदा बघूनही ती जायची नाही.

मे महिन्यातल्या त्या दुपारी दोघं मोहनरावांच्या घरी आले. मोहनराव संघाचे संचालक. घर जुनं, पण गॅसची लाईन नवी: टाक्या बाहेर अंगणात आणि तिथून तांब्याची नळी भिंतीतून स्वयंपाकघरात. सकाळी घरभर वास सुटला होता. त्यांच्या बायकोने, विमलबाईंनी, टाकी बंद करून दारं-खिडक्या उघडल्या होत्या, आणि सून मनकर्णा मागच्या अंगणात चूल मांडून भाकरी थापत होती.

गळती ओट्याखाली, अगदी जमिनीलगत होती. नट गंजून बसलेला. बंकट पालथा पडून तासभर त्याच्याशी झगडला. रतनबाई आली तेव्हा पदर घट्ट नाकाशी होता. नट निघाला, नवा बसला, टाकी सुरू करून फेस लावला, एकही बुडबुडा नाही. तोवर दाराशी पदर खांद्यावर आला होता आणि विमलबाईंशी पाण्याच्या गप्पा रंगल्या होत्या. गेला पावसाळा कोरडा गेलेला, विहिरीचा तळ दिसत होता, आणि मोहनरावांनी विकत घेतलेला टँकर नऊ दिवसांनी आज येणार होता.

"ओके हाय," बंकट म्हणाला आणि उठताना त्याच्या हातून पान्हा निसटला.

पान्हा फरशीवर पडला. आवाज पोकळ आला.

"वैनी, खाली काय हाय?"

"हौद हाय की. टँकरचं पाणी ठिवायला गेल्या साली बांधला. बाहेर ठिवला तर लोक रातीतून उपसून नेत्यात." विमलबाईंनी ओट्याच्या कोपऱ्यातलं गोणपाट पायाने सरकवलं. खाली लोखंडी झाकण होतं, नळीच्या त्या जोडापासून हातभर अंतरावर.

"पाणी हाय त्यात?"

"कुटलं बाबा! कवाचा कोरडा पडलाय."

बंकटला कळून चुकलं. हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, पाण्यासारखा उतार धरतो आणि खड्ड्यात जाऊन बसतो. रात्रभर जोड गळत होता आणि शेजारी बाराशे लिटरचा रिकामा हौद त्याचीच वाट बघत पडला होता.

तेवढ्यात बाहेर सटवाच्या टँकरचा हॉर्न वाजला. हौदात पाणी सोडायचं भोक अंगणात होतं. पाणी खाली शिरलं की गॅस वर उसळणार, झाकणाच्या फटीतून बाहेर येणार आणि फरशीवरून मागच्या दाराकडे सरकणार. मागच्या दारात मनकर्णाची चूल धडधडत होती.

"रतन, तिथं वास घेऊन बघ गं!"

रतनबाई झाकणापाशी वाकली. दोनदा हुंगलं. "न्हाई. काईच न्हाई."

त्याला बरं वाटायला हवं होतं. तीन वर्षं तिच्या शब्दावर तो जगला होता. पण आज त्याला ती तासाभरापूर्वी कशी बसली होती ते आठवलं. पदर नाकावरून खाली आला तेव्हा जोड अजून उघडाच होता. वास गेला नव्हता; तिचं नाक वासाला सरावलं होतं. तिचं, विमलबाईंचं, सगळ्या घराचंच.

"अण्णा, पाणी सोडू नका! हौदात गॅस हाय!"

मोहनराव दारात आले. त्यांनीही हुंगून बघितलं. "मला काई वास येत न्हाई. तुझ्या बायकोला बी न्हाई. तुला येतोय का?"

"येतोय," बंकट म्हणाला. "लई येतोय."

हे खोटं आहे हे तिथे एकट्या रतनबाईला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कावून घाबरवतो बे?" मोहनराव वैतागले. "नऊ दिसांनी टँकर आलाय. माघारी गेला तर परत कवा यील? सटवा, सोड रे पाणी!"

बंकट धावला. मागच्या अंगणात घरातली शेवटची भरलेली घागर होती, ती त्याने उचलली आणि चुलीवर ओतली. मनकर्णा किंचाळली, "प्यायचं पाणी व्हतं की वं ते!" राख, वाफ, भिजलेल्या भाकरी. मोहनराव हात उगारून मागे आले आणि बंकट त्यांना ओलांडून पुढच्या दाराकडे ओरडत सुटला, "सटवा! पाईप ठिव! आदी आत यिऊन वास घे! तू बाहेरून आलास, तुला कळंल!"

टँकरवाला सटवा पाईप टाकून बुचकळ्यात पडल्यासारखा पायऱ्या चढला. ओसरी ओलांडली. स्वयंपाकघराच्या दारापासून तो चार पावलांवर आला तेव्हा बंकटला त्याच्या बोटांतली बिडी दिसली. पेटलेली.

"थांब!"

असा आवाज आपल्या नरड्यातून निघतो हे बंकटला माहीत नव्हतं. सटवा आहे तिथेच थिजला. बिडीचा धूर वर चढत होता. कुणी हललं नाही. सटवाने हळूच श्वास घेतला, त्याचं नाक आक्रसलं, आणि त्याने दुसऱ्या हाताने तोंड झाकलं.

"अबाबा," तो म्हणाला. "काय वास मारतोय! आन् तुमी हितं उभे हाव?"

मागे न वळता, एकेक पाऊल मागे टाकत तो अंगणात गेला आणि पार रस्त्यापलीकडे जाऊन त्याने बिडी मातीत चिरडली.

पुढचे तीन तास सगळं घर समोरच्या लिंबाखाली बसलं. विजेच्या बटणाला कुणी हात लावला नाही. टँकर गल्लीतल्या बॅरलांत रिकामा झाला, त्यामुळे बाकीची गल्ली मात्र खुशीत होती. बंकटने ओलं गोणपाट हाताला गुंडाळून झाकण अलगद काढलं आणि घोंगडीने वारा घालून घालून हौद मोकळा केला. सटवा मधूनमधून दारात येऊन हुंगायचा आणि मान हलवायचा. शेवटी एकदा तो म्हणाला, "आता न्हाई."

बंकट लिंबाखाली येऊन बसला. विमलबाई नातवाला कुशीत घट्ट धरून बसल्या होत्या. पोरगं सुटायला बघत होतं, त्या सोडत नव्हत्या.

"बंकट," मोहनराव म्हणाले, "मगाशी तुझ्यावर हात उगारला. ध्येनात ठिवू नको. तू व्हतास म्हणून वाचलो." मग थोडं थांबून, "पण एक सांग. सटवाला दारातच कळलं. तू तर तासभर तिथंच पालथा पडला व्हतास. तुला आदी कसं कळलं न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच देऊन टाकलं, "तुझं बी नाक सरावलं असंल म्हणा. आमच्यावानीच."

नुसती मान हलवायची होती. नोकरी राहिली असती, वर संघात सत्कार झाला असता. रतनबाई त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे सांगत होते, हो म्हणा. बंकटने विमलबाईंच्या कुशीतल्या पोराकडे बघितलं. उद्या सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी पोरासमोर उभं राहून आपण परत 'ओके' म्हणणार, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि बिडी दिसली तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्याला वाटली.

"न्हाई अण्णा," तो म्हणाला. "मला तीन वर्षं झाली, कसलाच वास येत न्हाई."

मोहनराव ओरडले नाहीत. रागावलेही नाहीत. चेहऱ्यावरचं रक्त तेवढं उतरत गेलं.

"तीन वर्षात किती घरं केलीस?"

"लई."

मोहनरावांनी खिशातून फोन काढून संघाच्या ऑफिसला लावला. "दुसरा मेकॅनिक असंल तिथून बोलवा. आजच," ते म्हणाले आणि फोन कानाशी धरूनच बंकटकडे वळले. "सांग. पयल्यापासून सांग."

बंकट घरं सांगू लागला. कौशल्याबाई, शाळेमागची. आप्पाराव पिठाच्या गिरणीवाले. नावं मागेपुढे होऊ लागली. तेव्हा रतनबाई त्याच्याशेजारी सरकून बसली, आणि तो विसरत होता ती घरं ती सांगू लागली.