वरच्या बॅचचा बाक

“सगळे हसले की आपण बी हसायचं. कशाला हसायलेत, ते कळंना,” शिवगंगा वहीत तोंड घालून पुटपुटली. तिच्या कोपराखाली मी होतो, म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. लातूर जिल्हा झाला त्या सालचा. बाभळीचं लाकूड, त्यामुळे देखणा नाही, पण दणकट. जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून क्लास आले आणि क्लासांसाठी आम्ही आलो. माझ्यावर बसलेली पोरं डॉक्टर झाली. तेव्हा दर दसऱ्याला मला तेलाचा हात मिळायचा, गळ्यात झेंडूची माळ यायची. बाकाला गळा नसतो, पण कौतुकाच्या दिवसांत तो फुटतो. पुढे लोखंडी बाक आले आणि मला जिन्याखाली टाकलं.

तिथून मला ज्ञानोबा सरांनी उचललं. ते पाँडिचेरीला राहून फ्रेंच शिकले होते. लातुरात फ्रेंच कोण शिकणार, म्हणून लोक हसले. पण परदेशी जाणारी पोरं निघालीच. सरांच्या दोन बॅचा होत्या. नवख्यांची पहिली, आणि थोडंफार बोलता-लिहिता येणाऱ्यांची वरची. मी वरच्या बॅचच्या खोलीत होतो.

शिवगंगाला फ्रान्सच्या एका कॉलेजात जागा मिळाली होती. अट एकच, जूनमध्ये पुण्याला फ्रेंचची परीक्षा पास व्हायची. तिच्या वडिलांची, चन्नबसप्पांची, डाळमिल. मिलवाल्यांनी कौतुकानं चौकात फ्लेक्स लावला, ‘फ्रान्सला निघालेल्या लेकीचं अभिनंदन’. तोवर लेकीला फ्रेंचचा एक शब्दही येत नव्हता. त्याच हिवाळ्यात बाप-लेक क्लासात आले.

“शरणार्थ, सर,” अप्पांनी हात जोडले. “पोरीला वरच्या बॅचला घ्या.”

“अप्पा, आधी अक्षरओळख तरी होऊ द्या. पहिल्या बॅचला बसली तर जूनपर्यंत तयार होईल.”

“चौकात फोटो लागलाय तिचा. फोटोतली पोरगी नवख्यांत बसली तर लोक काय म्हणतील? आन् पाठांतर लई हाय तिचं.”

आमच्या गावात आडनावाच्या आधी बॅच विचारतात. सरांनी वरच्या बॅचच्या हजेरीत तिचं नाव लिहिलं. शिवगंगा माझ्यावर येऊन बसली.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. पिण्याचं पाणी रेल्वेनं यायचं, आणि क्लासची वेळ टँकर ठरवायचा. गल्लीत टँकर आला की अर्धी पोरं घागरींकडे पळायची. शिवगंगा पळायची नाही. ती पाठ करत राहायची. कुणी काही विचारलं की अख्खा धडा म्हणून दाखवायची. पोरं आधी कौतुकानं बघत, मग एकमेकांकडे बघू लागली. हळूहळू सर तिला विचारीनासे झाले. माझ्या कडेला तिनं नखानं कोरून कोरून खळगा पाडला. अप्पा पाणी भरून तिला न्यायला यायचे आणि क्लास सुटेपर्यंत खिडकीपाशी उभे राहायचे.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा नाही. पायाला वाळवी लागली आहे. मला तेल नको, माळ नको. एवढंच मागतो, लेकराला बाकावर बसवताना त्याचे पाय जमिनीला टेकतात का, ते बघत जा. उंच बाकावर पोर चांगलं दिसतं. पण लोंबकळणारे पाय लवकर बधिर होतात.

मे उजाडला तेव्हा सरांनी अप्पांना आत बोलावलं. ते माझ्यावर, लेकीशेजारी बसले. सरांनी तिला सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं, फ्रेंचमध्ये विचारलं, तू कुठं राहतेस? शिवगंगा उभी राहिली. तिनं पॅरिसच्या रेल्वे स्टेशनचा धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. कुठं अडखळली नाही.

“पाठांतर उत्तम आहे,” सर फळ्याकडे बघत म्हणाले.

शिवगंगा खाली बसली. तिचं नख माझ्या कडेचा खळगा पुन्हा कोरू लागलं. ते मला कळलं, आणि माझ्या लाकडातून अप्पांनाही कळलं असावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“तिला यातलं काईच समजत न्हाई, सर,” ते म्हणाले. “मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं.” मग लेकीकडे वळले.

“यंदा तू जाणार न्हाईस, बाई.”