पूर्ण नाव सांगा

पहिलीच्या वर्गात राजेश्री मॅडमनी रोज सकाळी एकच गोष्ट लावून धरली होती. एकेका पोरानं उभं राहायचं, खाली न बघता स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं आणि मग बसायचं. जूनमध्ये पालमहून बदली होऊन त्या इथं आल्या, तेव्हा नाव विचारलं की निम्मी पोरं कॉलर चावत उभी राहायची. दिवाळीनंतर मात्र वर्ग बोलता झाला होता. सगळ्यांत खणखणीत आवाज शिवकन्येचा. "माझं नाव शिवकन्या मुंजाजी दुधाटे!" असं ती म्हणाली की शेजारच्या दुसरीतली पोरं दारातून डोकावायची.

त्याच आठवड्यात वर्गात नवा मुलगा आला, हरिओम. त्याच्या बापानं चुडाव्याकडून बिऱ्हाड हलवून इथं, सासुरवाडीच्या गावात, बोरीच्या रस्त्याला ठिबकच्या पायपांचं दुकान टाकलं होतं. शाळेचा दाखला अजून यायचा होता. पण शाळा समितीचे अध्यक्ष महारुद्र त्याचे सख्खे मामा, म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "बसू द्या वर्गात, कागद येतील मागून."

मॅडमनी त्यालाही उभं केलं.

"हरिओम मुंजाजी दुधाटे," तो म्हणाला.

मागून एक पोरगं ओरडलं, "मॅडम, ह्याचा आन शिवकन्याचा बाप एकच!"

मॅडमना वाटलं, भाऊबंदातली नावं असतील. त्या काही बोलणार एवढ्यात शिवकन्येनं विचारलं, "तुमचं गाव कोन्तं?"

"चुडावा."

"माझ्या बापाचं बी चुडावाच हाय."

हरिओमचे कान लाल झाले. "खोटारडी! माझ्या पप्पाला मी एकलाच हाय. आजी म्हणती, ह्या गावात एक बाई हाय, ती फुकट आमचं नाव लावती. तिच्या पोरीसंग बोलायचं न्हाई."

मधल्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शिवकन्येची आई दैवशाला मुंजाजीची लग्नाची बायको. ही पोर पोटात असताना त्यानं महारुद्रच्या बहिणीशी दुसरा घरोबा केला. दैवशाला माहेरी आली ती आलीच. "फारकत न्हाई का काई न्हाई. पोरीला सांगितलंय, बाप पुण्याला कंपनीत हाय म्हणून. आता त्योच इथं येऊन बसला. काय करावं तिनं?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आतच महारुद्र आणि मुंजाजीची आई केवळाबाई वर्गाच्या दारात उभे राहिले. केवळाबाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि शिवकन्येकडं बोट केलं. "ही का ती? हिला आमच्या पोराचं नाव घिऊ दिऊ नका."

"आजी, वडिलांचं नाव आहे ते तिच्या," मॅडम म्हणाल्या.

"कोण म्हणतं? तिची माय? तिच्या मायचं काय ऐकता!"

शिवकन्या पाटी मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती. बाकीची पोरंही ऐकत होती.

महारुद्र आवाज न चढवता बोलले, त्यामुळं ते जास्तच बोचलं. "मॅडम, तुमी बाहेरच्या. अ आ ई शिकवा, बाराखडी शिकवा. गावातल्या माणसांची इज्जत चव्हाट्यावर मांडायची कामून हौस तुमाला? वर कळवायला मला येळ लागत न्हाई."

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी मॅडमना खोलीत बोलावलं. "नुसतं स्वतःचं नाव सांगू द्या की सगळ्यांना. बापाचं राहू द्या काही दिवस. लहान लेकरं आहेत, विसरतील."

राजेश्री मॅडमना ते पटलं नाही. पण पालमला आजारी सासू, रोजचा एसटीचा प्रवास, त्यात ही नवी भानगड. त्या "बरं" म्हणाल्या. वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, "उद्यापासून फक्त स्वतःचं नाव सांगायचं."

पोरं लहान होती, पण काहीही विसरली नाहीत. मुळाक्षरं शिकायला त्यांना महिने लागले होते, हे मात्र एका दिवसात शिकली. शिवकन्येच्या शेजारची मुलगी चटई घेऊन सरकली. पाण्याच्या टाकीपाशी तिला कुणी पुढं येऊ देईना. मॅडम फळ्याकडं वळल्या की मागून हळूच आवाज यायचा, "खोटारडी." वळून बघावं तर सगळी तोंडं पुस्तकात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावं सुरू झाली. हरिओमनं आपलं एवढंसं नाव सांगितलं आणि बसला. शिवकन्या उठली. "माझं नाव शिवकन्या मुंजाजी दुधाटे."

"बाळा, फक्त तुझं नाव," मॅडम म्हणाल्या.

"हेच माझं नाव हाय. तुमीच शिकिवलं."

"खोटारडी! खोटारडी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडायला लागला, जशी कविता म्हणतात तसा. मॅडम "गप्प बसा" म्हणत असतानाच हरिओमनं पाटी उचलून फेकली. लाकडी चौकटीचा कोपरा शिवकन्येच्या भुवईवर बसला आणि तिचा डोळा रक्तानं भरला. ती रडली नाही. तिनं हरिओमच्या अंगावर झेप घेतली आणि त्याच्या दंडाला अशी चावली की दोघांना सोडवताना मॅडमची बांगडी फुटली.

हरिओमला घरी पाठवलं. जखमेवर रुमाल दाबून मॅडम दैवशालाची वाट बघत बसल्या. ती कापूस वेचायला गेली होती. आली तेव्हा कमरेला बांधलेलं कापसाचं ओटं तसंच होतं. मॅडम काही सांगायला लागल्या, तर तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. रुमाल बाजूला करून जखम बघितली, पोरीला कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. दवाखान्याकडं न जाता ती बोरीच्या रस्त्याला, मुंजाजीच्या दुकानाकडं वळली, तशा मॅडम मागं निघाल्या.

दुकानात गिऱ्हाईकं होती. मुंजाजी पाइप मोजत होता. आत केवळाबाई हरिओमच्या दंडाला हळद लावत होत्या. दैवशालानं पोरीला सगळ्यांसमोर खाली उभं केलं.

"वळखतो का हिला?"

मुंजाजी पाइपकडंच बघत राहिला.

"ह्या लोकांच्या म्होरं एकदा म्हण, ही माझी न्हाई म्हणून. मी आजच हिचं नाव बदलते. म्हण!"

"निघ इथून, नकटे!" केवळाबाई धावून आल्या. "लेकाचा धंदा बुडवायला आलीस का?"

"तुमी मधी बोलू नका, आत्याबाई. मी ह्याला इचारायलेय."

गिऱ्हाईकं हातातलं सामान तसंच धरून उभी होती. मुंजाजी पुटपुटला, "पोरीला आधी दवाखान्यात ने. रगत जायलंय."

तेवढ्यात हरिओम आजीच्या हातातून सुटून पुढं आला. "पप्पा, ती खोटं बोलायलीय ना? सांगा ना तिला. खोटं हाय ना?"

मुंजाजीनं त्याच्या थोबाडीत मारली.

पोरगं धडपडत पायपांवर पडलं. दैवशालानं त्या पोराकडं एकदा बघितलं, मग ती शिवकन्येला उचलून दवाखान्याच्या वाटेला लागली. गिऱ्हाईकंही एकेक करून निघाली.

त्यानंतर हरिओम शाळेत आला नाही. मामानं त्याला जिंतूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी गाडी येते आणि त्याला घेऊन जाते. राजेश्री मॅडमवर तक्रार गेली, वर्गात शिस्त नसल्यामुळं लेकरू जखमी झालं म्हणून. खाली सही महारुद्रची होती.

टाके निघाल्यावर दैवशाला पोरीला घेऊन शाळेत आली. मॅडम दारात सामोऱ्या आल्या. "ताई, माझं चुकलं. मी तिला नाव घ्यायला अडवायला नको होतं."

"व्हय, चुकलं," दैवशाला म्हणाली. "मी सात वर्सं तोंड मिटून ऱ्हायले, ते माझं मी बघून घेते. पण तिला बोलायला तुमीच शिकिवलं आन दोन दिसांत तोंड बी तुमीच दाबलं. त्यापरीस शिकवायचं न्हवतं."

तिनं पोरीला आत ढकललं आणि मागं न बघता निघून गेली.

मॅडम वर्गात आल्या. त्या दिवशी नावं सांगणं पुन्हा सुरू करायचं, पूर्ण नावं, असं त्यांनी ठरवलं होतं. मुख्याध्यापक काय म्हणतील ते म्हणोत. पोरं उठली, बोलली, बसली. आता "खोटारडी" कुणी म्हणत नव्हतं. घरोघरी मोठ्यांचं बोलणं ऐकून त्यांना सगळं कळलं होतं. शिवकन्येची पाळी आली.

"उठ बाळा, सांग."

शिवकन्या उठली नाही. "मला न्हाई सांगायचं," ती म्हणाली.

मॅडमनी पुढच्या मुलाला उठवलं. थोड्या वेळानं शिवकन्येनं आपली चटई उचलली, सगळ्यात मागं नेली आणि भिंतीला पाठ लावून बसली.