मी 'वाट-बघ' बोलतोय

मी 'वाट-बघ' बोलतोय. "कुणाची?" असं विचारू नका, ते माझं नावच आहे.

मी एका खेळाच्या सर्व्हरचा पर्याय. सर्व्हर म्हणजे खेळाचा यजमान. तो एका संगणकावर चालू करायचा, की घरातले बाकीचे आपापल्या संगणकावरून त्याच्याकडे खेळायला येतात. चालू करताना काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं आणि पुढे त्याच ओळीत सूचना द्यायच्या: इतके खेळाडू घे, अमका नकाशा उघड. प्रत्येक सूचनेच्या आधी दोन छोट्या आडव्या रेघा. मीही तशीच एक सूचना; अशा सूचनेलाच पर्याय म्हणतात. लिपी इंग्रजी, पण नाव मात्र अस्सल मराठी, कारण मला लिहिणाऱ्या माणसाला वैतागल्यावर दुसरी भाषा सुचत नसे.

तो माणूस म्हणजे बाबा. दिवसभर ते कारखान्यातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायचे आणि घरी आल्यावर आपल्या दोन मुलांसाठी होड्यांचा खेळ लिहीत बसायचे. खेळाचा नियम कडक होता. आपली पाळी आली की झटपट होडी हलवायची, नाहीतर सर्व्हर शिट्टी वाजवून बाहेर काढणार. थोरली मुलगी तेव्हा एवढीशी होती. बाणाचं बटण शोधेपर्यंत तिची हकालपट्टी व्हायची, आणि मग ती रडून घर डोक्यावर घ्यायची. शेवटी बाबा त्या निर्जीव यंत्रावरच ओरडले, "अरे, जरा वाट बघ ना तिची!" आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी मला लिहून टाकलं. मी ओळीत असलो की सर्व्हर शिट्टी गिळून गप्प बसतो.

माझे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. पोरगी बघता बघता इतकी तरबेज झाली, की बाबांच्याच होड्या बुडवायला लागली. माझी गरज संपली. सर्व्हरला मदत मागितली की तो आपले सगळे पर्याय छापून दाखवतो; त्यात बाबांनी मला घातलंच नव्हतं. "उद्या घालतो," म्हणाले होते. माणसांचा उद्या कुठे राहतो, मला अजून कळलेलं नाही. पुढे ज्या डिस्कवर खेळाचं मूळ लिखाण होतं, ती डिस्कच गेली. उरला तो फक्त तयार प्रोग्राम, यंत्राला कळणारा, माणसाला न कळणारा. त्यात मी आकड्यांच्या गर्दीत अंग चोरून पडून राहिलो.

मग बाबा आजारी पडले. जिवावरचं दुखणं हातावर निभावलं, असं घरात सगळे म्हणायचे, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. उजवा हात जड झाला, बोलणं अडखळायला लागलं. व्यायाम शिकवायला बाई यायच्या. त्या आईला बजावून गेल्या, "हा हात रोज वापरायला हवा. आता आखडला तर पुढे फार जड जाईल." त्यांनी दिलेला मऊ चेंडू बाबांनी खाटेखाली भिरकावला, तोही डाव्या हाताने.

धाकट्याला आठवण झाली ती खेळाची. त्याने जुना सर्व्हर चालू केला, बाबांपुढे कीबोर्ड ठेवला. बाबांचे डोळे लकाकले. बोट बटणाकडे निघालं, वाटेत थरथरलं, पोचेपोचेपर्यंत शिट्टी! पुन्हा डाव मांडला, पुन्हा शिट्टी. स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रामने स्वतःला घराबाहेर काढावं, हे बाबांना सोसलं नाही. त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी फाईलमध्ये पडल्या पडल्या मला इतकं वाईट वाटलं, म्हणून सांगू!

थोड्या वेळाने ते म्हणाले, "वा... वा..."

"वारा हवाय," आई म्हणाली आणि पंखा लावला.

बाबांनी मान हलवली. "वाट... वाट..."

"वाटी!" म्हणत आई स्वयंपाकघरात गेली आणि वाटी घेऊन आली. बाबांनी कपाळावर हात मारला.

"अगं आई, वाट लागली म्हणतायत ते," धाकटा म्हणाला. "बरोबरच आहे, माझ्याशी खेळायचं म्हणजे वाट लागणारच."

इकडे मी बोंबलतोय, अहो मला बोलावतायत ते, मला! पण आमचा आवाज ऐकतं कोण.

थोरली, म्हणजे धाकट्याची ताई, सुट्टीच्या दिवशी माहेरी आली. तिचं कामच असल्या तयार फायली तपासण्याचं. पेटी न फोडता आत काय काय आहे ते सांगणारी साधनं तिच्याकडे असतात. तिने एक साधन आमच्या प्रोग्रामवर सोडलं. त्यालाही स्वतःचे पर्याय होते: एक आतली नावं दाखवणारा, एक आकडे दाखवणारा, एक नुसती अक्षरं वेचणारा. सगळे कसे मदतीच्या पानावर ऐटीत बसलेले! असो. मत्सर बरा नव्हे.

पडद्यावर अक्षरांचा पूर लोटला. ताईने त्यात 'वेळ'साठी इंग्रजी शब्द शोधला, 'थांबणे'साठी शोधला. हाती काही लागलं नाही.

"बाबांनी वेळेची सोय कुठेतरी केलेली असणारच रे," ती म्हणाली. "मी लहान असताना मला नाही बाहेर काढायचा हा."

मागून आवाज आला, "वाट... ब... बघ."

आई पुन्हा वाटीकडे निघाली होती, ती थबकली. ताईही गर्रकन वळली. "वाट बघ? असं नाव दिलंत? मराठीत?"

बाबांनी मान डोलावली. ताईने घाईघाईने शोधलं. नाही. एक 'ए' घालून बघितला, दोन घालून बघितले. तरी नाही. मी तिच्या नाकासमोर होतो हो!

"तायडे, व्ही कशाला लिहितेस?" धाकटा म्हणाला. "बाबा 'व'ला कधी व्ही लिहितात का? त्यांच्या फोनात वकील, वहिनी, वॉचमन, सगळे डब्ल्यूखाली नांदतात. नंबर शोधताना माझ्या नाकीनऊ येतात."

ताईने डब्ल्यू लिहिला आणि मी सापडलो.

तिने मला ओळीच्या शेवटी टाइप केलं, दोन रेघांसकट. सर्व्हर चालू झाला. बाबांची पाळी आली. बोट निघालं. धाकट्याने नखं खाल्ली, आईने पदर चिवडला, चहा गार झाला. शिट्टी वाजली नाही. बोट पोचलं, होडी हलली आणि थेट ताईच्या होडीवर जाऊन आदळली. ताई बुडाली. इतकी वर्षं जिंकत आलेली मुलगी हरल्यावर हसत हसत डोळे पुसत होती, आणि मला धन्य वाटत होतं.

त्यानंतर रोज चहा झाला की डाव मांडला जायचा. ताई तिच्या घरून इंटरनेटवर खेळायची, फोनवर बाबांना चिडवायची. "बाबा, मी स्वयंपाक उरकून येऊ का तोवर?" बाबा उत्तर द्यायचे, आधी एका शब्दात, मग दोन शब्दांत. मी रोज कामावर. इतका मान मला बालपणीही मिळाला नव्हता.

मग एका दुपारी ताई आलेली असताना धाकटा ओळ टाइप करत होता, तर बाबा म्हणाले, "थांब." त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि मला शेवटाकडून पुसायला सुरुवात केली, एकेक अक्षर. कुणी मदत केली नाही. शेवटी त्यांनी दोन्ही रेघाही पुसल्या.

"बाबा, शिट्टी मारून काढेल तो तुम्हाला," ताई म्हणाली.

"काढू दे," बाबा म्हणाले.

आणि काढलंच. पहिल्याच पाळीला. बाबांनी ओठ आवळले. "परत लाव." दुसऱ्या डावात त्यांचं बोट वेळेत पोचलं. धाकटा त्यांच्या हाताकडे बघण्यात इतका गुंग झाला होता, की स्वतःची पाळी विसरला आणि शिट्टी त्याच्याच नावाने वाजली.

मी पुन्हा फाईलमध्ये पडून आहे. जाता जाता एवढंच सांगतो. घरात कुणी हळू झालं, तर त्याच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरा करू नका. तो निघेपर्यंत थांबा. आणि एक दिवस त्याने तुम्हालाच बाजूला सारलं, तर मनाला लावून घेऊ नका. मी नाही घेतलं.

बरं, थोडंसं घेतलं.