नाचलं कोण?

आमच्या भाऊबंदकीची कानबाई श्रावणात बसते, बाबांच्या थोरल्या वहिनीच्या, म्हणजे भिकुबाई मोठ्या आईच्या घरी. नारळाला डोळे आणि नथ लावून देवी चौरंगावर मांडायची, रोटांचा नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या मिरवणुकीत मोठ्या आईच्या अंगात येतं. ती नाचते, लोक पाया पडतात, गाऱ्हाणी सांगतात. ती नाचल्याशिवाय मिरवणूक दारातून हलत नाही.

मी जळगावला तत्त्वज्ञानात एम.ए. करते. याचा उपयोग काय, हे घरात आजवर कुणाला कळलं नव्हतं. यंदा मात्र कानबाई बसायच्या रविवारी पुरण वाटता वाटता मोठ्या आईने मला स्वयंपाकघराचं दार लावायला सांगितलं.

“रूपा, तू तं शिकेल शे. खरं सांग. ती नाचे, का मी?”

झालं होतं असं, की मागच्या वर्षी ऐन भरात तिची नजर सुनेच्या, सपनाच्या साडीवर गेली. काठ फारच आवडला. पदर कसा असेल, असंही मनात आलं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागलेला.

“कानबाई साडीना काठ देखी का?”

माझ्या अंगात लगेच मास्तर संचारला. म्हटलं, मोठी आई, तू सगळ्यावर संशय घे. देवीवर, ढोलावर, या पुरणावरसुद्धा. पण संशय घेणारी कुणीतरी आहे ना? तेवढी पक्की. ती तू. आणि तू म्हणजे तुझं मन. शरीर वेगळं.

तिने पुरणाचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. “हाई कोन खाई राह्यनं? तुनं मन?”

मी गोळा गिळला. मग तिने जाहीर केलं की उद्या ती नाचणार नाही. लोकांनी देवी समजून पाया पडायचं आणि आपण साड्या बघायच्या, हे तिला पटेना. मला रडूच यायचं बाकी होतं. माझं शहाणपण नेमकं सणाच्या दिवशी बाहेर पडायला हवं होतं का?

सोमवारी सकाळी ढोल वाजू लागले. बायका फुगड्या घालत होत्या आणि मोठी आई उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी. चौरंग डोक्यावर घेतलेली सपना अवघडून गेली. तेवढ्यात मोठ्या आईचा डावा पाय ठेका धरू लागला. तिने खाली पाहिलं, शेजारणीचा पाय आपल्या दारात आल्यासारखं. मग हात वर करून ढोल थांबवले.

“ऐका. आज ती नही. मी शे.”

फुगड्या थांबल्या. मी बाबांकडे बघायचं टाळलं. तिची धाकटी जाऊ बेबाबाई दरवर्षी सगळ्यांत आधी पाया पडते. तीच पुढे आली.

“ती तं चौरंगवर शे, बाई. तू नाच.” आणि नेहमीसारखी वाकून पाया पडली.

मोठी आई नाचली. पार नदीपर्यंत नाचली, डोळे टक्क उघडे ठेवून. मला इतका आनंद झाला की मीही नाचले, आणि मला नाचता येत नाही.

दुपारी ती ओसरीवर पाय पसरून कण्हत होती. एरवी मिरवणुकीनंतर तिचं काहीच दुखायचं नाही. देवी नाचते, मला काय होतंय, असं म्हणायची. मी गोळी आणून पुढे केली. तिने ती बाजूला सारली आणि स्वतःच्या पोटऱ्यांवरून हळूच हात फिरवला.

“ऱ्हाऊ दे. दुखू दे जरासं,” ती हसत म्हणाली. “मन्हाच पाय शेतस ना.”